नेटवर्क नेमस्पेससाठी टूल लिहिताय? आधी ‘डाउन’ लिहा

एका लिनक्स मशीनवर पाच-सात नेटवर्क नेमस्पेस (स्वतःचे इंटरफेस, पत्ते आणि राउट असलेले मशीनमधले वेगळे कप्पे) उभ्या करायच्या, व्हीइथच्या (आभासी केबलच्या दोन टोकांच्या) जोड्यांनी त्या जोडायच्या, पत्ते द्यायचे, राउट टाकायचे. एवढं करणारी बॅश स्क्रिप्ट तासाभरात लिहून होते. तीच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की ‘फाइल एक्झिस्ट्स’ म्हणत पहिल्याच ओळीवर अडते. मग वरती चार ‘डिलीट’च्या ओळी चिकटवल्या जातात, त्यांच्या एरर गिळायला प्रत्येकीच्या शेवटी ‘|| ट्रू’ येतं, आणि त्यानंतर खरंच काही बिघडलं तरी ते कुणाला दिसत नाही.

म्हणून असं टूल नीट लिहायचं असेल तर मांडणी उभी करणारं ‘अप’ नंतर, ती पाडणारं ‘डाउन’ आधी. अर्धवट उभ्या राहिलेल्या, कुणीतरी हाताने ढवळलेल्या, निम्म्या प्रोसेस अजून जिवंत असलेल्या मांडणीवर ‘डाउन’ चालवलं आणि मशीन पूर्ववत स्वच्छ झालं, एवढं जमलं की बाकीचं टूल जवळजवळ आपोआप लिहून होतं. पुढे उदाहरणापुरतं टूलचं नाव ‘जाळं’ आणि नेमस्पेसचं नाव ‘लाल’ धरू.

नाव म्हणजे नेमस्पेस नव्हे

कर्नलला ‘लाल’ हे नाव माहीतच नसतं. नाव हा निव्वळ आयपीरूट२चा (‘आयपी’ कमांड ज्यात येते त्या संचाचा) संकेत आहे. ‘आयपी नेटएनएस अ‍ॅड लाल’ म्हटल्यावर काय होतं ते बघा: /रन/नेटएनएस ही डिरेक्टरी नसेल तर बनते आणि ती शेअर्ड माउंट केली जाते, तिच्यात ‘लाल’ नावाची रिकामी, ००० परवानगीची फाइल तयार होते, प्रोसेस ‘अनशेअर’ करून नव्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये जाते, आणि शेवटी /प्रॉक/सेल्फ/एनएस/नेट हे त्या रिकाम्या फाइलवर बाइंड माउंट होतं, म्हणजे तेच त्या पाथवरही दिसू लागतं. झालं. ‘आयपी नेटएनएस डिलीट लाल’ म्हणजे तो माउंट काढणं आणि फाइल पुसणं. त्यात ‘नेमस्पेस नष्ट करा’ असं कुठेही सांगितलेलं नाही.

नेमस्पेस मरते ती तिला धरून ठेवणारं कुणीच उरलं नाही की. धरून ठेवणारे तीन प्रकारचे: तिच्या आत चालणारी प्रोसेस, तिच्यावरचा बाइंड माउंट, आणि कुणाकडे तरी उघडा असलेला फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा किंवा सॉकेटचा क्रमांक). यातला तिसरा सगळ्यात लबाड. आत जाऊन सॉकेट उघडून बाहेर आलेली प्रोसेससुद्धा त्या सॉकेटमार्फत नेमस्पेस जिवंत ठेवते, आणि ‘आयपी नेटएनएस पिड्स लाल’ तिला दाखवत नाही, कारण प्रोसेस स्वतः यजमान (म्हणजे मशीनच्या मूळ) नेमस्पेसमध्येच आहे. टूलचा पार्श्वभूमीला चालणारा डेमन असेल तर असा दोषी बहुतेक वेळा तोच निघतो.

अशा वेळी नाव पुसलं गेलेलं असतं, यादीत काही दिसत नाही, पण आतला डीएनएसमास्क (छोटा डीएनएस सर्व्हर) आरामात चालू असतो आणि यजमानाकडचं व्हीइथचं टोकही जागेवर असतं. पुढच्या ‘अप’ला नवी ‘लाल’ बनते, जुन्या टोकाचं नाव अडवलेलं असतं, आणि एरर येते भलत्याच ठिकाणी.

पाडायचा क्रम

आधी प्रोसेस. ‘पिड्स’ची यादी घेऊन टर्म सिग्नल पाठवायचा, दोन-तीन सेकंद थांबायचं, उरलेल्यांना किल. हे एकदाच करून पुरत नाही: ती यादी /प्रॉक चाळून बनते, आणि चाळत असतानाच एखादी प्रोसेस फोर्क झाली तर पोर निसटतं. यादी रिकामी येईपर्यंत फेरी मारावी. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक नेमस्पेसच्या प्रोसेस सुरुवातीपासून स्वतंत्र सीग्रुपमध्ये (कर्नल एकत्र सांभाळतो अशा प्रोसेसच्या गटात) ठेवायच्या. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत, कर्नल ५.१४ पासून, ‘सीग्रुप.किल’ या फाइलमध्ये १ लिहिलं की त्या ग्रुपमधलं सगळं एका दमात मरतं, फोर्क करून कुणी सुटत नाही.

मग यजमानाकडचं व्हीइथचं टोक स्वतः पुसायचं. इथे बरीच टूल आळस करतात: नेमस्पेस गेली की आतलं टोक जातं, आणि एक टोक गेलं की दुसरंही जातं, मग वेगळं कशाला पुसा? खरं आहे, पण नेमस्पेसची साफसफाई कर्नल मागाहून, वर्कक्यूमध्ये, आपल्या सवडीने करतो. ‘नेटएनएस डिलीट’ लगेच परत येतं, टोक अजून जिवंत असतं, आणि पाठोपाठ आलेलं ‘अप’ त्याच नावावर आपटतं. हाताने चालवताना हे कधी दिसत नाही; सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) ‘डाउन’ आणि ‘अप’ लागोपाठ चालले की दहातून एकदा फुटतं आणि लोक मध्ये ‘स्लीप १’ टाकून मोकळे होतात. याउलट ‘आयपी लिंक डिलीट’ परत आलं म्हणजे ते नाव खरंच मोकळं झालेलं असतं. एका ओळीने ‘स्लीप’ वाचतं.

खरं नेटवर्क कार्ड आत ढकललं असेल तर तेही आधी बाहेर काढावं: ‘आयपी -एन लाल लिंक सेट इथ१ नेटएनएस १’, इथला शेवटचा १ म्हणजे पहिली प्रोसेस, अर्थात यजमान. नेमस्पेस मेल्यावर कर्नल खरं कार्ड मूळ नेमस्पेसकडे परत पाठवतो हे खरं, पण तिथे त्या नावाचं दुसरं काही असेल तर तो त्याचं नाव बदलून ‘डेव्ह७’ सारखं काहीतरी ठेवतो. आणि नेमस्पेस कुणी धरून ठेवली असेल तर कार्ड परत येतच नाही. रिमोट मशीनवर हा प्रयोग एसएसएचच्याच कार्डावर होऊ नये म्हणून टूलने डीफॉल्ट राउट ज्यावरून जातो ते कार्ड हलवायला सरळ नकार द्यावा.

सगळ्यात शेवटी ‘नेटएनएस डिलीट’. प्रत्येक पायरीला ‘ते आधीच नाही’ हे यश मानायचं, पण फक्त तेवढंच. ‘परवानगी नाही’ किंवा ‘डिव्हाइस बिझी’ गिळायचं नाही. ‘|| ट्रू’ आणि यांत फरक हाच.

आपलं काय आणि परक्याचं काय

‘डाउन’ला कळलं पाहिजे की कोणते इंटरफेस आपण बनवले. सहज सुचणारा उपाय म्हणजे जेसनची स्टेट फाइल. माझं मत स्पष्ट आहे: ठेवू नका. कुणी हाताने एक इंटरफेस काढला, टूल मध्येच मेलं, मशीन रीबूट झालं, की फाइल आणि कर्नल यांचं जमत नाही, आणि मग टूलचा अर्धा कोड त्या दोघांचं भांडण सोडवण्यात जातो. ठेवायचीच असेल तर निदान /रन मध्ये ठेवा. ते टीएमपीएफएस (मेमरीतली फाइलसिस्टिम) असल्यामुळे रीबूटला नेमस्पेस जातात तेव्हा फाइलही जाते. /व्हार/लिबमध्ये ठेवलेली फाइल मेलेल्या नेमस्पेसच्या आठवणी काढत बसते.

खूण कर्नलमध्येच ठेवता येते. प्रत्येक इंटरफेसला ग्रुप क्रमांक देता येतो: ‘आयपी लिंक सेट डेव्ह जा-लाल ग्रुप ७७’. मग ‘आयपी लिंक डिलीट ग्रुप ७७’ या एका कमांडने त्या ग्रुपमधले सगळे व्हर्च्युअल इंटरफेस एकत्र जातात. ग्रुप ० म्हणजे ज्यांना कुणी ग्रुप दिला नाही ते सगळे, आणि तो पुसायला कर्नल नकार देतो, त्यामुळे टूलमधला व्हेरिएबल चुकून शून्य राहिला तरी अनर्थ होत नाही. शिवाय ‘एलियस’ म्हणून मोकळा मजकूर लावता येतो, त्यात ‘जाळं:लाल’ असं लिहून ठेवलं की ‘आयपी लिंक’ बघणाऱ्या माणसालाही कळतं हा इंटरफेस कुणाचा.

फायरवॉलचे नियमही असेच एकत्र बांधावेत: एनएफटीमध्ये (लिनक्सच्या फायरवॉलच्या कमांडमध्ये) स्वतःचं स्वतंत्र टेबल, त्यात मास्करेड (आतल्या पत्त्याऐवजी यजमानाचा पत्ता लावणं) आणि बाकी सगळं, म्हणजे पाडताना टेबल पुसलं की संपलं. यात एक खड्डा आहे. डॉकर (कंटेनर चालवणारं टूल) असलेल्या मशीनवर फॉरवर्ड चेनचं, म्हणजे मशीनमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटच्या नियमांचं, धोरण बहुतेकदा ‘ड्रॉप’ असतं. आपल्या टेबलात कितीही ‘अ‍ॅक्सेप्ट’ लिहा, दुसऱ्या टेबलातला ‘ड्रॉप’ शेवटचा शब्द असतो; एका चेनचा अ‍ॅक्सेप्ट दुसऱ्या चेनला बांधत नाही. पॅकेट नेमस्पेसमधून यजमानापर्यंत येताना टीसीपीडम्पमध्ये दिसतं आणि पुढे गायब होतं. डॉकरने यासाठी ‘डॉकर-यूजर’ ही चेन दिलेली आहे, आपला अ‍ॅक्सेप्ट तिथे टाकावा लागतो. टूलने हे गुपचूप करू नये. धोरण ‘ड्रॉप’ दिसलं तर तसं सांगावं आणि वेगळा ऑप्शन मागावा.

शून्य बाइटची फाइल

कधी कधी यादीत ‘लाल’ दिसते, पण आत जायला गेलं की ‘सेटिंग द नेटवर्क नेमस्पेस फेल्ड: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. नाव बरोबर, परवानगी बरोबर, फाइल जागेवर. ही एरर इतकी मोघम आहे की माणूस टायपो शोधत बसतो.

कारण असं की माउंट दुसऱ्याच माउंट नेमस्पेसमध्ये (माउंटच्या वेगळ्या संचात) झालेला असतो. ‘आयपी नेटएनएस एक्झेक’ प्रत्येक वेळी नवी माउंट नेमस्पेस बनवतं आणि सगळं ‘स्लेव्ह’ करतं: यजमानाकडचे नवे माउंट आत येतात, आतले बाहेर जात नाहीत. अशा शेलमध्ये बसून कुणी ‘नेटएनएस अ‍ॅड’ केलं तर फाइल बाहेर दिसते, कारण फाइलसिस्टिम एकच आहे, पण तिच्यावरचा माउंट आतच राहतो. बाहेर उरते नुसती शून्य बाइटची टरफलं. सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) युनिटमध्ये ‘प्रायव्हेटटीएमपी’ किंवा ‘प्रोटेक्टसिस्टम’ लावलेलं असेल आणि त्या सेवेतून टूल चाललं, तर हेच होतं.

ओळखायला सोपं आहे. फाइलवर ‘स्टॅटएफएस’ करा. खरी नेमस्पेस असेल तर फाइलसिस्टिमचा प्रकार ‘एनएसएफएस’ येतो, टरफल असेल तर ‘टीएमपीएफएस’. हा एक चेक ‘स्टेटस’मध्ये टाकला आणि ‘लाल: तुटलेली, माउंट नाही’ असं छापलं तर वापरणाऱ्याची अख्खी दुपार वाचते. ‘अप’ने तर स्वतः बनवलेल्या फाइलवरही हा चेक करावा.

उभं करताना

इंटरफेसच्या नावाला १५ बाइटची मर्यादा आहे; कर्नलमधला आकडा १६, त्यातला एक शेवटच्या शून्याला. नेमस्पेसचं नाव मात्र फाइलचं नाव असल्याने २५५ बाइटपर्यंत चालतं. म्हणून ‘व्हीइथ-’ पुढे नेमस्पेसचं नाव जोडायची पद्धत छोट्या नावांवर चालते आणि ‘स्टेजिंग-डेटाबेस’ आलं की मोडते. नुसतं कापून टाकणं त्याहून वाईट, कारण ‘स्टेजिंग-डेटाबेस-१’ आणि ‘-२’ कापल्यावर एकच होतात. छोटा उपसर्ग आणि पुढे नावाच्या हॅशचे आठ अंक, वाचायचं नाव एलियसमध्ये. (कर्नल देवनागरी नाव नाकारत नाही, त्याला फक्त तिरपी रेघ, अपूर्णविराम (:) आणि मोकळी जागा चालत नाही. पण देवनागरीत एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा धरून पाचच चिन्हं. ‘जा-लाल’ हे वरचं उदाहरण १६ बाइट भरतं, म्हणजे खऱ्या देवनागरीत ते नापासच.)

व्हीइथ यजमानाकडे बनवून मग एक टोक आत सरकवायची जुनी सवय सोडावी. ‘आयपी लिंक अ‍ॅड’ करतानाच ‘पीअर नेम इथ० नेटएनएस लाल’ असं देता येतं, म्हणजे आतलं टोक जन्मतःच आत. दोन फायदे: आतल्या टोकाचं ‘इथ०’ हे नाव यजमानाच्या खऱ्या इथ०शी भांडत नाही, आणि यूडेव्ह किंवा नेटवर्कमॅनेजर (नवे इंटरफेस आपोआप हाताळणारे प्रोग्रॅम) मधल्या क्षणात त्याला हात लावत नाहीत. सरकवायचंच असेल तर लक्षात ठेवा, नेमस्पेस बदलताना इंटरफेस डाउन होतो आणि त्याचे पत्ते गळून पडतात. पत्ता आधी आणि हलवणं नंतर असा क्रम लावलेल्या स्क्रिप्टला एरर येत नाही, फक्त पिंग जात नाही.

वायरगार्ड या व्हीपीएनचं उलटं आहे. त्याचा इंटरफेस ज्या नेमस्पेसमध्ये जन्मला तिथलाच यूडीपी सॉकेट वापरत राहतो. म्हणून तो यजमानाकडे बनवून मुद्दाम आत हलवायचा: आतल्या प्रोग्रॅमना फक्त बोगदा दिसतो, आणि गुंडाळलेली पॅकेट बाहेरच्या खऱ्या कार्डावरून जातात. टूलमध्ये या दोघांना एकाच फंक्शनमधून नेऊ नका. ब्रिज आणि लूपबॅक तर हलतच नाहीत, जिथे हवेत तिथेच बनवावे लागतात.

नव्या नेमस्पेसमध्ये ‘एलओ’ (लूपबॅक) डाउन असतो. १२७.०.०.१ वर पिंग केलं तरी ‘नेटवर्क इज अनरीचेबल’. तो अप करणं हा ऑप्शन असू नये, टूलने न विचारता करावं.

पत्त्यांसाठी समोरासमोरच्या जोडीला /३१ (दोनच पत्त्यांचा तुकडा) पुरतं. १०.२००.०.०/१६ चे /३० पाडले तर १६,३८४ जोड्या, /३१ पाडले तर दुप्पट. कोणता तुकडा कुणाला, हे नावाच्या हॅशवरून ठरवायचा मोह होतो. टक्कर कधीतरी होणारच, म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये उघड लिहिलेलं बरं.

‘अप’ मध्येच फसलं तर मागे जाऊन सगळं उलटवणारा कोड मी लिहिणार नाही. जिथे फसलं तिथे थांबावं, कोणती पायरी आणि कर्नलने काय म्हटलं ते छापावं, आणि ‘डाउन’ चालवायला सांगावं. अर्धवट अवस्था तपासायला मिळणं हे आपोआप पुसलं जाण्यापेक्षा मोलाचं आहे.

दोन ‘अप’ एकाच वेळी चालू नयेत म्हणून एफलॉक (फाइलवरचं कुलूप) लावायचा. त्याचा फाइल डिस्क्रिप्टर ‘क्लोजऑनएक्झेक’ (नवा प्रोग्रॅम सुरू होताना आपोआप बंद होणारा) ठेवायला विसरलं तर गंमत होते: ‘अप’ने सुरू केलेला एखादा डेमन तो वारशाने घेतो, कुलूप त्याच्याकडेच राहतं, आणि ‘डाउन’ कायमचं वाट बघत बसतं, ज्याला मारायचंय त्याचीच.

एक्झेक

दिवसभरात पन्नास वेळा वापरली जाते ती ही कमांड, आणि तिने अदृश्य असावं. ‘जाळं एक्झेक लाल पिंग -सी ३’ मधला ‘-सी’ टूलने स्वतःचा समजू नये. ग्लिबसी या सी लायब्ररीच्या गेटऑप्टमध्ये (ऑप्शन वाचणाऱ्या फंक्शनमध्ये) ऑप्शनच्या माळेच्या सुरुवातीला अधिक चिन्ह दिलं की पहिल्या साध्या शब्दावर वाचन थांबतं. फोर्क करू नये. नेमस्पेसमध्ये शिरून सरळ एक्झेक करावं, म्हणजे सिग्नल, टर्मिनल आणि एक्झिट कोड आपोआप जसेच्या तसे राहतात. टूलची स्वतःची एरर असेल तर १२५, कमांड सापडली पण चालली नाही तर १२६, सापडलीच नाही तर १२७.

आत शिरायला रूट लागतं, पण आतली कमांड रूटने चालवायचं कारण नाही. शिरल्यावर अधिकार सोडायचे, या क्रमाने: आधी ग्रुपची यादी, मग जीआयडी (ग्रुपचा क्रमांक), शेवटी यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक). यूआयडी आधी सोडला तर पुढचे दोन बदलायचा अधिकारच उरत नाही.

‘एनएसएंटर --नेट’ वापरून स्वस्तात काम उरकायचा विचार असेल तर फरक माहीत हवा. ‘आयपी नेटएनएस एक्झेक’ नव्या माउंट नेमस्पेसमध्ये /सिस नव्याने माउंट करतं आणि /ईटीसी/नेटएनएस/लाल मधल्या फाइल /ईटीसीवर बाइंड करतं. एनएसएंटर यातलं काहीच करत नाही. म्हणून आत जाऊन /सिस/क्लास/नेट बघितलं तर यजमानाचेच इंटरफेस दिसतात आणि ‘आयपी लिंक’ वेगळंच सांगतं.

डीएनएस हे या सगळ्यातलं सर्वात चिवट दुखणं. /ईटीसी/नेटएनएस/लाल/रिझॉल्व्ह.कॉन्फ मध्ये वेगळा नेमसर्व्हर दिला, डिगला (डीएनएस तपासणाऱ्या कमांडला) तो दिसतो, पण ब्राउझर किंवा कर्ल यजमानाच्याच नेमसर्व्हरला विचारतात. कारण डिग ती फाइल वाचून स्वतः विचारतं, तर बाकीचे ग्लिबसीमार्फत एनएसस्विचला (नाव कुणाकडे विचारायचं ते ठरवणाऱ्या यादीला) विचारतात. तिथे ‘रिझॉल्व्ह’ मॉड्यूल असेल तर प्रश्न युनिक्स सॉकेटवरून यजमानाच्या सिस्टमडी-रिझॉल्व्हडीकडे जातो. पाथ असलेला युनिक्स सॉकेट नेटवर्क नेमस्पेसची भिंत मानत नाही. अ‍ॅबस्ट्रॅक्ट सॉकेट मानतो. व्हीपीएन नेमस्पेसमध्ये कोंडून निश्चिंत झालेल्या माणसाच्या क्वेरी इथून गळतात. उपाय: त्याच डिरेक्टरीत स्वतःची एनएसस्विच.कॉन्फ ठेवायची, ‘होस्ट्स’ पुढे फक्त ‘फाइल्स डीएनएस’. एनएससीडी (नावांची उत्तरं साठवून ठेवणारा डेमन) चालू असेल तर त्याचा सॉकेटही याच वाटेचा.

आणखी एक: यजमानावर कुणी रिझॉल्व्ह.कॉन्फ नवी फाइल लिहून ‘रीनेम’ने बदलली, तर जुन्या फाइलवर आत केलेला बाइंड माउंट कर्नल काढून टाकतो. सकाळपासून चाललेल्या आतल्या प्रोसेसला दुपारी वायफाय बदलल्यावर अचानक यजमानाचा नेमसर्व्हर दिसू लागतो. आतमध्ये अख्खी /ईटीसी ओव्हरलेने देणं हा जड पण पक्का इलाज.

थ्रेडची भानगड

‘सेटएनएस’ (नेमस्पेस बदलणारा सिस्टिम कॉल) प्रोसेसला नव्हे, हाक मारणाऱ्या थ्रेडला लागू होतं. गो भाषेत लिहिताना ‘लॉकओएसथ्रेड’ केलं नाही तर रनटाइम गोरूटीन (गोचं हलकं समांतर काम) कुठल्याही थ्रेडवर नेतो, आणि तुमची ‘लाल’साठीची कमांड यजमानावर चालते. लॉक करूनही, आतून सुरू केलेली नवी गोरूटीन दुसऱ्याच थ्रेडवर जाते. जमत असेल तर नेमस्पेस अदलाबदल टाळाच: प्रत्येकीत एकदा जाऊन नेटलिंक सॉकेट (कर्नलशी नेटवर्कबद्दल बोलायचा) उघडायचा आणि बाहेर यायचं. सॉकेट जिथे जन्मला तिथलाच राहतो, पुढचं सगळं बाहेर बसून करता येतं. काम झालं की तो बंद करायचा. नाहीतर वर म्हटलेला तिसरा प्रकारचा धरणारा तुम्हीच.

स्टेटस

नाव, आयनोड (फाइलसिस्टिममधला ओळख क्रमांक), आतल्या प्रोसेसची संख्या, इंटरफेस, डीफॉल्ट राउट. एका नेमस्पेसला एक ओळ, आणि स्क्रिप्टसाठी जेसन वेगळ्या ऑप्शनने. ओळख पटवताना डिव्हाइस आणि आयनोड दोन्ही जुळवावे, आणि आयनोड साठवून उद्या वापरू नये, कारण नेमस्पेस मेली की तो आकडा दुसरीला मिळू शकतो. डॉकर आपल्या नेमस्पेस /व्हार/रन/डॉकर/नेटएनएस मध्ये ठेवतं, त्यामुळे ‘आयपी नेटएनएस’ला त्या दिसत नाहीत; स्टेटसने दाखवाव्यात, पण ‘डाउन’ने त्यांच्याकडे बघूही नये.

‘ड्राय रन’मध्ये टूलची स्वतःची भाषा नको, सरळ आयपी आणि एनएफटीच्या कमांड छापाव्यात, कॉपी करून चालवता येतील अशा. टूल नसलेल्या मशीनवर रात्री काही दुरुस्त करायचं असेल तेव्हा तेवढंच हाताशी असतं.